पट्टीखालचं नाव

मार्च लागला की नांदेडात झेरॉक्सच्या दुकानांपुढं मुलांची गर्दी होते. प्रकल्पवह्या जमा करायचे दिवस. आमच्या शाळेच्या कार्यालयात त्या वह्यांचे गठ्ठे येऊन पडतात आणि खोलीभर डिंकाचा, स्केचपेनचा, नव्या पुठ्ठ्याचा वास भरून राहतो. परवा एक तरुण शिक्षिका असाच गठ्ठा घेऊन आल्या, टेबलावर आदळला आणि म्हणाल्या, सर, यातली एकही वही मुलांनी केलेली नाही. आयांनी केल्यात, नाहीतर दुकानदारानं. बोलता बोलता त्यांनी एक वही उचलली, खिडकीकडं नेली आणि पान उजेडात तिरपं धरून बघू लागल्या.

पान असं तिरपं धरायची सवय एके काळी माझी होती.

मी त्यांना म्हणालो, कोणी केलं हे विचारू नका. कसं केलं ते विचारा, आणि मुलांना सांगा की कच्ची पानंही आणा. त्या हसल्या. आमच्या केंद्रातल्या शाळांत माझ्या या बोलण्याची थोडी ख्याती आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात मला दरवर्षी याच विषयावर बोलायला बोलावतात: वर्गात मुलांकडून मन लावून, नेटकं काम कसं करून घ्यावं. मी बोलतो, टाळ्या पडतात, कुणीतरी गुलाबाचं फूल देतं. हे शहाणपण मला कुठं आणि कुणाच्या जिवावर मिळालं, ते मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, त्या काळातली गोष्ट. निलंग्याहून किल्लारीकडं जाणाऱ्या रस्त्यापासून आत, एका गावात माझी पहिली नेमणूक होती. शाळेच्या पाटीवर अजून जुना जिल्हाच होता. हेडमास्तरांनी त्यावर चुना फासून लातूर लिहून घेतलं, पण चुना पातळ झाला आणि खालची अक्षरं उन्हात वर येऊ लागली. शिक्के जुने, फॉर्म जुने. प्रत्येक कागदावर एका जिल्ह्यावर काट मारून दुसरा लिहायचा. नवं काहीतरी सुरू होतंय याचा उत्साह होता, आणि पाऊस दोन वर्षं धड झालेला नव्हता.

दुष्काळ म्हटला की लोक भेगाळलेल्या रानाची गोष्ट सांगतात. मला आठवतात रांजणातल्या कोळशाच्या रेघा. बायका पाणी भरून झालं की रांजणाच्या आत, पाण्याच्या कडेला, कोळशानं रेघ ओढायच्या आणि मग कामावर जायच्या. परत आल्यावर आधी रेघ बघायची, मग पोरांची तोंडं. शाळेच्या रांजणावर हेडमास्तरांनी झाकण ठेवून त्यावर दगड ठेवला होता आणि दगड कसा ठेवलाय हे ते लक्षात ठेवायचे. मी भाड्याच्या खोलीत राहायचो. शाळेला निघताना घागरीत काडी बुडवायचो, ओल कुठवर आली तिथं नखानं खूण करायचो, आणि आल्यावर पुन्हा काडी. घरमालकीण फार भली बाई. तिनं कधी ओंजळभर पाणी घेतलं नाही. पण मी काडी बुडवायची थांबवली नाही. ओल बरोबर खुणेपर्यंत आली तर मला बरं वाटण्याऐवजी असं वाटे, आज नाही घेतलं, उद्या घेईल.

वर्गातला फळा धुवायला पाणी नव्हतं. कोरड्या फडक्यानं पुसून पुसून तो करडा झाला होता. काल शिकवलेले अपूर्णांक आजच्या व्याकरणाखाली दिसायचे. मुलं ओठांवरची सालपटं दातांनी काढत बसायची. शाईच्या गोळ्या विरघळवायला पाणी मागितलं की घरून बोलणी बसायची, म्हणून त्या वर्षी सगळ्यांची शाई घट्ट असे आणि अक्षरं उन्हात वाळलेल्या चिखलासारखी कागदावर उठून यायची. त्या शाईला एक आंबूस वास होता. अजून कधी जुनी वही उघडली की तो येतो, किंवा मला तसा भास होतो.

मी वाईट शिक्षक नव्हतो. हे वाक्य मी अनेकदा मनात म्हटलं आहे आणि दर वेळी ते म्हणणाऱ्याचाच मला संशय आला आहे. मला मुलांनी चांगलं काम करावं असं खरोखर वाटायचं. फळ्याशेजारी मी एक खिळा ठोकला होता. आठवड्यातली सगळ्यात नेटकी वही शनिवारी सुतळीनं त्या खिळ्याला टांगायची. मधल्या सुट्टीत मुलं खेळ सोडून ती वही उलटून बघायची. खिळ्यावर वही लागावी म्हणून पोरं समासाची रेघ दोनदा तपासायची, नखं धुऊन यायची. धुवायला पाणी नसेल तर मातीनं घासून यायची.

माझा नियम एकच आणि कडक. खाडाखोड चालणार नाही. कच्चं काम पाटीवर करा आणि पुसून टाका. कागदावर पेन्सिलीची रेघ राहिली तर ती वही मी हातात घेणार नाही. पान असं हवं की त्यावर कुणाला कष्ट पडले होते असं वाटू नये. पान मी खिडकीत नेऊन तिरपं धरायचो. खोडलेलं दिसलं तर वही परत. आणि काहीच दिसलं नाही, पान फारच निर्मळ असलं, तर मला दुसरीच शंका यायची: हे याचं आहे का?

सातवीच्या वर्गात तिसऱ्या ओळीत पंचशीला बसायची. तिचं घर पूर्वेच्या बौद्धवस्तीत. वडील ऊसतोडीला गेलेले, आई धुरपताबाई गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर माती खणायला. पोरगी बोलायला कमी, पण तिच्या वहीत आकडे एकाखाली एक असे उभे असत, जणू ओळंबा लावून बसवलेले. दोनदा तिची वही खिळ्याला लागली होती. दोन्ही वेळा टांगण्याआधी मी तिचं अक्षर तिच्या जुन्या वहीशी ताडून पाहिलं होतं. बाकी कुणाच्या वहीचं मी तसं केलं नव्हतं.

तिचंच का केलं, ते सांगायला हवं. माझं घर कंधार तालुक्यातलं, जमीनजुमल्याचं. आमच्याकडं कुणी उघड वाईट बोलत नसे. फक्त वस्तीवरच्या गड्यांसाठी एक कान तुटलेला कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. मी शिकलो, वक्तृत्व स्पर्धेत समतेवर बोलून ढाल आणली, आणि सुट्टीत घरी गेलो की त्या कोनाड्यापुढून शंभरदा जायचो. कप तिथंच असायचा. मी तो कधी उचलून घरात आणला नाही. पंचशीलाचं अक्षर ताडून बघताना मी त्याला शिस्त म्हणत होतो.

फाल्गुनात पत्र आलं. नव्या जिल्ह्याचे छापील नकाशे अजून शाळांना मिळायचे होते. म्हणून प्रत्येक शाळेनं मुलांच्या हातचा एक नकाशा लातूरला पाठवावा, तिथं ते सगळे मांडले जातील. पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ होती. ज्या मुलामुलींचं काम उत्तम ठरेल त्यांच्या नावाची लातूरच्या वसतिगृहासाठी शिफारस होईल. त्या वर्षी वसतिगृह म्हणजे दोन वेळचं जेवण, नळाचं पाणी आणि पुढची हायस्कुलाची वाट. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. मी ती ओळ वर्गात दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्यांदा वाचताना पंचशीलानं मान वर केलेली मला स्पष्ट आठवते.

तालुक्याहून एक सायक्लोस्टाइल केलेला पुसट नकाशा मिळाला होता. तो भिंतीला लावला आणि मुलांना आठ दिवस दिले. आठव्या दिवशी नकाशे आले. कुणाचं उदगीर खाली घसरलेलं, कुणाची मांजरा नदी जिल्ह्याबाहेरच निघून गेलेली. आणि त्यात पंचशीलाचा. मोठा कागद. सीमेची रेघ कुठं थरथरलेली नाही. तेरणा वळत वळत मांजरेला मिळते ते वळण भिंतीवरच्या नकाशात नीट दिसतही नव्हतं, ते तिनं बरोबर काढलं होतं. तालुक्यांची नावं सरळ, एका उंचीची. उजव्या कोपऱ्यात, दिसेल न दिसेल अशा बारीक अक्षरात, तिचं नाव आणि इयत्ता.

मी तो खिडकीत नेला. पेन्सिलीचा मागमूस नाही. कागद उलटा केला तर मागं दुष्काळी कामाच्या मापांचे आकडे. माझ्या डोक्यात सगळं क्षणात जुळलं. कामावर मापं घेणारा मिस्त्री आहे. त्याच्याकडं कागद, पट्ट्या, सगळं असतं. त्यानं काढून दिला. संशयाला जुळवाजुळव करायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो पुढं, ती मोडायला.

तिला उभं केलं आणि विचारलं, "कुणी काढून दिला?"

"मीच काढला, गुरुजी."

"कामावरच्या मिस्त्रीनं?"

"मिस्त्रीनं कागद दिला. नकाशा मी काढला."

मागून कुणीतरी म्हणालं, "मिस्त्री लई गुणाचा हाय, गुरुजी," आणि वर्ग हसला. मी हसणाऱ्यांना दटावलं नाही. खडू तिच्या हातात दिला आणि म्हणालो, मग काढ इथं सगळ्यांपुढं. ती फळ्याजवळ गेली. आधी तिनं दोरा आहे का असं विचारलं. फळ्यावर दोरा कशाला लागतो, मी म्हणालो. मग तिनं फळ्याच्या मधोमध एक टिंब दिलं, वितीनं मोजून चार बाजूंना चार टिंबं दिली, परत मोजली, एक पुसून सरकवलं. जुने अपूर्णांक त्या टिंबांत मिसळत होते. दहा मिनिटं झाली तरी सीमेची एक रेघ उठली नव्हती. नकाशा बाहेरून सुरू करतात एवढंही हिला ठाऊक नाही, असं मी वर्गाला सांगितलं. मग तिनं घाईनं रेघ ओढली आणि ती चुकली. मी म्हणालो, बस खाली.

ती बसली. रडली नाही. बसण्याआधी तिनं हातातला खडू टेबलावर टाकला नाही, डबीत ठेवला, एवढंच.

संध्याकाळी हेडमास्तर आणि मी नकाशे पुढं घेऊन बसलो. पाठवण्यासारखा दुसरा एकही नव्हता. हेडमास्तर म्हणाले, कुणाचा का असंना, शाळेचं नाव होतंय ना. मी पांढऱ्या कागदाची लांब पट्टी कापली, तिच्यावर सुंदर अक्षरात जिल्हा परिषद शाळा, गाव, तालुका, नवा जिल्हा असं सगळं लिहिलं आणि बाभळीच्या डिंकानं ती पट्टी नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात चिकटवली. बरोबर तिच्या नावावर. डावा कोपरा मोकळा होता. पट्टी तिथंही बसली असती. नकाशा तिचा नाही हे सकाळी मी वर्गात सिद्ध केलं होतं, आणि तिचं नाव मात्र संध्याकाळी मला झाकावं लागत होतं. नाव खोटं असतं तर ते खोडता आलं असतं. मी खोडलं नाही, झाकलं. आज विचार करतो तेव्हा वाटतं, हाताला तेव्हाच ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी हेडमास्तरांनी मला पाझर तलावाच्या कामावर पाठवलं. शाळेतली बरीच पोरं तिकडं जाऊन राहिली होती, त्यांना समजावून आणायचं. ऊन चढलं होतं. धुळीचा पडदा, त्यात घमेली घेऊन जाणाऱ्या बायकांची रांग. जमिनीत चौकोनी खड्डे आखलेले आणि प्रत्येक खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट तसाच उभा, डोक्यावर वाळलेल्या गवताची शेंडी घेऊन. दुरून ते सगळे खुंट माणसं उभी असल्यासारखे दिसत होते. एका खड्ड्यात पंचशीला उतरली होती. तिच्या हातात गाठी मारलेला दोरा होता. खुंटाच्या डोक्यापासून खाली, मग खुंटापासून चारी कडांना, ती गाठी मोजत होती आणि मोजलेलं आईला सांगत होती. मिस्त्री माप घ्यायला येण्याआधी बायका आपलं माप तिच्याकडून करून घेत.

मी विचारलं, ही मधली माती का ठेवलीय? धुरपताबाईनं घमेलं खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं.

"हितं खुंट सोडावा लागतोय, गुरुजी. समदं साफ केलं तर मिस्त्री म्हणतो, खणलंच कुठं? जमीन आधी कुठवर होती ते खुंट सांगतोय."

मी मान हलवली. तिनं पुढं विचारलं,

"तुमच्या साळंत काय सोडत्यात? पोरगी म्हणते, गुरुजी समदं पुसून आणा म्हणत्यात. मंग केलं कुणी, हे कशावरून वळखायचं?"

ती भांडत नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. पंचशीला खड्ड्यात पाठमोरी उभी राहून दोऱ्याच्या गाठी सारख्या करत होती. मधोमध टिंब, चार बाजूंना चार टिंबं, हातात दोरा. फळ्यावर ती चुकली नव्हती. तिनं जिथं काम करायचं शिकलं होतं तिथं काम असंच सुरू होतं. घरी तिनं कागदावर चौकोन आखले असणार, गाठी मोजून एकेक वळण बसवलं असणार, आणि मग माझ्या नियमाप्रमाणं ते सगळे चौकोन पुसून टाकले असणार. पुसायलाही किती वेळ गेला असेल.

धुरपताबाई म्हणाली, मिस्त्रीला इचारायचं होतं न्हवं तुमाला, त्यो काय, हितंच हाय. आणि मी विचारलंही. बाभळीच्या सावलीत बसलेला मिस्त्री हसायला लागला. म्हणाला, मला सही अन् आकडं येत्यात, गुरुजी, नकाशा कुठला.

तेव्हा रविवारी दुपारी मला सगळं कळलं होतं. लातूरला नकाशे मांडले गेले बुधवारी. मधले तीन दिवस माझ्यापाशी होते. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण एरवी मी स्वतःला ही गोष्ट सांगताना रविवार आणि बुधवार यांची अदलाबदल करत आलो आहे.

बुधवारी मी लातूरला गेलो. एका शाळेच्या हॉलात सुतळ्या बांधून नकाशे टांगले होते. आमच्या नकाशापुढं माणसं थांबत होती. सफारीतले एक मोठे अधिकारी आले, वाकून तेरणेचं वळण बघितलं आणि म्हणाले, हा कुणाचा हात आहे? मुलगी असेल तर आत्ताच नाव द्या, वसतिगृहात मुलींच्या जागा आहेत. पट्टीचा एक कोपरा प्रवासात सुटला होता. मी पुढं झालो, अंगठ्यानं तो कोपरा दाबून बसवला आणि म्हणालो, "सगळ्या मुलांनी मिळून केलाय, साहेब. शाळेचं काम आहे."

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? वर्गात मी तिला खोटं पाडलं, हे बाहेर आलं असतं. पट्टी कुणी लावली, हे बाहेर आलं असतं. नव्या जिल्ह्यात, नव्या साहेबांपुढं, माझी पहिलीच ओळख ती झाली असती. एवढंच. तराजूच्या एका पारड्यात हे होतं आणि दुसऱ्यात एका मुलीची पुढची शाळा. आमच्या गावातून शिफारस दुसऱ्या मुलीची गेली, जिची वही त्या शनिवारी खिळ्यावर होती. तिचीही गरज खोटी नव्हती. पंचशीला सातवीच्या परीक्षेला बसली, पास झाली, आणि जूनमध्ये शाळेच्या रस्त्याला दिसली नाही. त्या परीक्षेच्या वह्या तिनं दिल्या तेव्हा प्रत्येक पानावर पेन्सिलीच्या रेघा तशाच होत्या. एकही पुसलेली नव्हती. मी त्या पानांना पूर्ण गुण दिले. गुण देणं किती सोपं असतं.

पुढं माझी बदली नांदेड जिल्ह्यात झाली. किनवटकडच्या आश्रमशाळांत काही वर्षं काढली. तिथं मी नियम उलटा केला. कच्चं पान आधी दाखवा. चुकलेलं गणित पुसू नका, त्याच्याशेजारी नवं करा. वहीत डावं पान चुकांचं, उजवं पान पक्कं. मुलं खरोखर चांगलं काम करू लागली. डाव्या पानावर ती भीत नसत, म्हणून उजवं पान निघायचं. पाहुणे यायचे, वह्या बघायचे, विचारायचे की ही कल्पना कुठून सुचली. मी म्हणायचो, अनुभवातून. एका आईनं पाझर तलावाच्या खड्ड्यात उभं राहून मला विचारलेल्या प्रश्नातून, असं एकदाही म्हणालो नाही. मुलीचं काम घेतलं ते शाळेच्या नावावर. आईचं घेतलं ते माझ्या.

आणि संशय गेला नाही. तो फक्त वळला. एखादं मूल माझ्याकडं बघून हसलं की वाटतं, याला काय ठाऊक आहे? कुणी सत्काराला बोलावलं की वाटतं, समोर बसलेल्यांत ती असेल. भूकंप झाला तेव्हा किल्लारीच्या बाजूची यादी वाचताना मी तिचं नाव शोधलं. सापडलं नाही. तिचं लग्न त्याच भागात झालं, एवढं कानावर होतं, पण सासरचं आडनाव मला माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी एका सहकाऱ्याच्या घरच्या कार्यक्रमासाठी किल्लारीला गेलो. पुनर्वसनाचं गाव, सरळ रस्ते, एकसारख्या घरांच्या रांगा, आता कडुनिंब मोठे झालेत. बोलता बोलता कुणीतरी म्हणालं, शिवण शिकवणारी पंचशीलाताई, तिच्या हातचा ब्लाउज उसवत नाही. मी घर विचारून घेतलं आणि जेवण न करता निघालो.

दारात चपला, आत चार-पाच मुली कापडावर खडूनं रेघा ओढत बसलेल्या. ती कातरीनं कापड कापत होती. केस पिकलेले. "शिवणीला आत माया सोड," असं ती एका मुलीला सांगत होती. माझ्याकडं बघून क्षणभर थांबली.

"गुरुजी न्हवं का?"

तिनं मुलींना पाणी प्यायला बाहेर पाठवलं. मी इतकी वर्षं मनात घोळवलेलं सगळं बोललो. रविवार, बुधवार, पट्टी, अंगठा. ती कापत राहिली. कातर कडेपर्यंत नेली, मग खाली ठेवली.

"पट्टी तुमी लावली होती. मला वाटलंच. डिंक जास्त झाला होता."

तिनंच पुढं सांगितलं. नकाशे मांडलेत हे कळल्यावर ती आईला घेऊन निलंग्याहून यष्टीनं लातूरला गेली होती. त्या दिवसाची आईची हजेरी बुडाली. हॉलात नकाशा सापडला. आईला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, तुजं नाव कुठं हाय?

"मी पट्टीवर बोट ठेवलं. खोटं न्हाई बोलले, गुरुजी. नाव तितंच होतं की. खाली." ती जराशी हसली. "आईनं त्या पट्टीवरनं हात फिरवला. किती येळ."

मी म्हणालो, मी त्यांच्याही पाया पडतो, त्यांनाही सांगतो. तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज चढला.

"माफी मला मागितली, बास झालं. आईला कायबी सांगायचं न्हाई. लातूरला पोरीचं नाव लागलं होतं म्हणून तिनं आख्ख्या गावाला सांगितलंय. भूकंपात समदं गेलं तिचं. तेवढं राहिलंय."

म्हणजे मी तीस वर्षं जे उतरवायला आलो होतो ते मला तसंच घेऊन जायचं होतं. मला हेही वाटलं, आणि हेही लिहितो, की यात माझी सोय होतेय का? तिच्या नकाराच्या आड मी पुन्हा लपतोय का? याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

तेवढ्यात धुरपताबाई आल्या. वाकलेल्या, पण डोळे तसेच. त्यांच्या हातात पत्रिकांचा गठ्ठा होता. नातीचं, पंचशीलाच्या मुलीचं, लग्न ठरलं होतं. लेकीनं ओळख सांगायच्या आतच त्यांनी मला ओळखलं. आजूबाजूच्या मुली दारात जमल्या होत्या. त्यांच्याकडं वळून त्या म्हणाल्या, हे ते गुरुजी, ज्यांनी माज्या पोरीचं नाव लातूरला लावलं. मग माझ्याकडं बघून विचारलं,

"तुमीच लावलं न्हवं?"

पंचशीलानं कातर पुन्हा हातात घेतली होती.

"हाव," मी म्हणालो. "मीच लावलं."

त्या खाली बसल्या. गठ्ठ्यातली एक पत्रिका काढली, दारात उभ्या असलेल्या नातीकडून पेन मागून घेतलं. भूकंपानंतर गावात प्रौढांचे वर्ग निघाले, तिथं त्या लिहायला-वाचायला शिकल्या, असं त्यांनी सांगितलं. माझं नाव विचारलं, आणि मांडीवर पत्रिका ठेवून एकेक अक्षर लिहू लागल्या.

"तवा मला वाचता येत नव्हतं, गुरुजी," लिहिता लिहिता, मान वर न करता त्या म्हणाल्या. "पण पोरीचं नाव लातूरला लई लांब लिवलं होतं. पार ह्या कडंपासून त्या कडंपातूर. लांबी ध्यानात हाय माज्या."

मी पंचशीलाकडं बघितलं. ती कापडाकडं बघत होती. धुरपताबाईंनी शेवटचं अक्षर पुरं केलं, पत्रिका लांब धरून वाचून बघितली आणि म्हणाल्या, "तुमचं आखूड हाय."

मग त्यांनी ती दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. माझं नाव बरोबर लिहिलेलं होतं, आणि त्यापुढं त्यांनी 'गुरुजी' असंही घातलं होतं.